कुड्या काढून ऐकताना

हळद बाजारात यायला लागली की सांगलीत कुठलीच वस्तू आपल्या रंगाची राहत नाही. आमचं दुकान मार्केट यार्डाच्या वाटेवर आहे. पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रक सकाळपासून दारावरून जातात. त्यांच्यामागून उठणारी धूळ काउंटरवर बसते, रेडिओच्या पुढच्या कापडावर बसते, बिलबुकाच्या पानांत शिरते. मी दिवसातून तीनदा फडकं मारते. फडकं पिळलं की मोरीतून पिवळं पाणी वाहतं आणि त्या पाण्याकडे बघताना दरवर्षी मला नलिनी आठवते. प्रेमाने आठवते, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

नलिनी माझी धाकटी जाऊ. आणीबाणीच्या आदल्या वर्षी हळदीच्या हंगामात ती आमच्याकडे राहायला होती, जेमतेम तीन महिने. त्याला आता पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी एका मुलीचं लग्न केलं, दोन दाढा काढल्या, दुकानावरचे पत्रे बदलून घेतले. त्यातलं काय कधी झालं हे विचारलं तर मला बोटं मोजावी लागतील. ते तीन महिने मात्र वासासकट लक्षात आहेत. उकडलेल्या हळदीचा तो मातकट, थोडा औषधी वास आणि त्यात मिसळलेला नव्या चामड्याचा.

चामड्याचा वास होता हेडफोनचा.

आमचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा. माझ्या यजमानांना घरात आणि बाजारात सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. उघडणं, जोडणं, सुटे भाग बदलणं हे अण्णांचं काम. ऐकणं माझं. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात बसायला माणूस नव्हतं म्हणून बसले, आणि कधीतरी अण्णांच्या लक्षात आलं की त्यांना न ऐकू येणारी खरखर मला ऐकू येते. तेव्हापासून दुकानाचा रिवाजच झाला. दुरुस्त झालेला रेडिओ मी ऐकल्याशिवाय बाहेर जायचा नाही. गिऱ्हाइकांनाही तो माहीत होता.

"वैनींनी ऐकलाय का ह्यो?" वाळव्याकडचे एक पाटील दर हंगामाला विचारायचे.

"ऐकलाय. आता बातम्या स्वच्छ सांगतोय."

"न्हाई, गेल्या टायमाला कोंबडी बसल्यावानी कुरकुरत हुता."

"त्यात कोंबडीचीच पिसं निघाली होती, पाटील. खुराड्यावर ठेवत जाऊ नका."

"आवं, मग काय डोस्क्यावर ठिऊ?"

ते हसायचे, मी रेडिओ लावून द्यायची, आणि देताना आवाजाचं बटण नेहमीपेक्षा केसभर पुढे ठेवायची. ही माझी युक्ती, कुणी शिकवलेली नाही. तोच रेडिओ, तेच गाणं, पण आवाज थोडा मोठा असला की माणसाला तो चांगला वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. गिऱ्हाईक मान डोलावत जातं. यात लबाडी आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. भाजीवाली पाणी शिंपडते, तेवढंच हे.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझा धाकटा दीर वसंत जर्मनीहून परत आला. त्याच्या कारखान्याने वर्षभर शिकायला पाठवला होता. आता त्याला साताऱ्यात नोकरीवर रुजू व्हायचं होतं, पण तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून नलिनी आमच्याकडे आणि वसंत साताऱ्यात मित्राच्या खोलीवर, अशी व्यवस्था झाली. येताना त्याने बायकोला साडी आणली नाही, घड्याळ आणलं नाही. हेडफोन आणले. कानांवर बसणारे दोन काळे डबे, वरून जाणारी पोलादी पट्टी, आत मऊ गादी. मागून पुढून पूर्ण बंद. आम्ही विमानतळाच्या माणसांच्या आणि रेडिओ केंद्रातल्या माणसांच्या कानांवर असलं काही फोटोत पाहिलं होतं. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कळली ती त्याचं वजन.

"घाला वहिनी," वसंत म्हणाला. "तिथे फार नावाजलेले आहेत हे."

मी काउंटरवरच्या ट्रान्झिस्टरच्या रेकॉर्ड प्लेअरला ते लावून घातले. लांबच्या मांडवातलं गाणं वाऱ्यावर येतं तसा आवाज आला. किरटा, अंगात काही नसलेला. वर माझ्या कुड्या त्या गादीखाली दाबून कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या.

"एवढं ओझं विमानातून आणलंस," मी म्हणाले, "आणि हा आवाज?"

वसंताचा चेहरा पडला. नलिनीने हेडफोन हातात घेऊन गादीवरून बोट फिरवलं. मग आरशासमोर बसतात तशी स्टुलावर बसली, आपल्या कुड्यांची मळसूत्रं फिरवून दोन्ही कुड्या काढल्या आणि चहाच्या बशीत ठेवल्या.

"हे काय गं?"

"गादीला फट राहते, अक्का. फटीतून खालचा आवाज निघून जातो."

तिला हे कुणी सांगितलं होतं, असं मी विचारलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, एवढंच.

अण्णांनी तोवर मागच्या खोलीतून त्यांचा लग्नाच्या लाऊडस्पीकरचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. हा त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, देव्हाऱ्याएवढा. त्याला हेडफोन जोडायची एक जागा काढून दिली, रेकॉर्ड लावली, आणि नलिनीने डोळे मिटले.

बंद हेडफोनची मला सगळ्यात न आवडणारी गोष्ट ही, की बाहेरच्या माणसाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रेडिओ लावला की सगळ्यांचा असतो. बाजूच्या न्हाव्याच्या दुकानातही जातो. इथे एक बाई माझ्यासमोर दोन हातांवर बसली आहे, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येतंय, जातंय, भुवया हलतायत, ओठ किंचित उघडतायत, आणि खोलीत आवाज आहे फक्त रेकॉर्डवर घासणाऱ्या सुईचा आणि बाहेरच्या बैलांच्या घुंगरांचा. तिचा चहा गार झाला. अण्णा तिच्याकडे बघत उभे होते. मी अण्णांकडे बघत होते.

तिने हेडफोन काढले आणि म्हणाली, "मागच्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर ती किती वेळ राहते ते कळतं. गाणाऱ्या बाई श्वास कुठे घेतात तेही."

"मला तर तिथे तानपुराच ऐकू आला नाही," मी म्हणाले.

अण्णा हसले. त्यांनी मला समजावलं, आणि ज्या शांतपणे समजावलं त्याचाच राग आला. "हे जर्मन म्हणजे खोल विहीर आहे. त्या काउंटरवरच्या प्लेअरची मोटर लहान. पाणी वर आलं नाही म्हणून विहीर कोरडी आहे असं म्हणायचं का?"

मला ते समजलं होतं. मला हेवा वाटत होता, आणि त्याला दुसरा सभ्य शब्द शोधण्यात अर्थ नाही.

नलिनी गाणं शिकलेली होती. माहेरी तिच्या वडिलांनी मास्तर ठेवून शिकवलं होतं. मी बिलबुकात बत्तीस भागिले चार करता करता रेडिओ ऐकायला शिकले. मार्चमध्ये तिला तानपुरा घ्यायचा होता म्हणून आम्ही दोघी मिरजेला गेलो. तंतुवाद्यांच्या दुकानांच्या गल्लीत, जिथे भोपळे दोरीला टांगून वाळत असतात, तिथे एका म्हाताऱ्या कारागिराने चार तानपुरे एकामागून एक लावून दाखवले. तार आणि घोडीच्या मध्ये तो कापसाचा दोरा सरकवायचा, तसा आवाज एकदम उमलायचा. चारही मला चांगले वाटले. वेगळे वाटले, पण चांगल्यातला चांगला कुठला हे मला सांगता आलं नसतं. नलिनीने तीन बाजूला ठेवले. चौथ्याचा दोरा तिने स्वतः गव्हाच्या दाण्याएवढा मागे घेतला.

म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "कान आहे या बाईंना."

परतीच्या बसमध्ये तानपुरा आम्हा दोघींच्या मांड्यांवर आडवा होता. भोपळा माझ्याकडे. पंधरा वर्षं रोज दहा-दहा रेडिओ ऐकून मला कधी कुणी हे म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, 'वैनींनी पास केलाय.' पास करणं आणि कान असणं यातलं अंतर मला त्या बसमध्ये कळलं.

हळदीचा बाजार भरात आला. दुकानात माणसं वाढली. ज्यांच्या हळदीला चांगला भाव मिळाला ते नवा रेडिओ बघायला यायचे, दारातच पिवळ्या टाचा पायपुसण्यावर पुसायचे. अण्णांच्या डोक्यात तेव्हा एक बेत शिजत होता. दुकानामागची खोली रिकामी करायची, भिंतींना गोणपाट लावायचं, तिथे चांगला रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा आणि ज्यांना गाणं ऐकण्यासाठी यंत्र घ्यायचं आहे त्यांना बसवून ऐकवायचं. सांगलीत असं दुकान नव्हतं. जेवताना त्यांनी ते सांगितलं आणि पानात आमटी वाढून घेत म्हणाले, "तिथे नलिनीला बसवू. वसंताला जागा मिळाली तरी ती आठवड्याचे चार दिवस इथे राहील. काय गं?"

नलिनी लाजली. "मला आवडेल, भावजी. पण अक्का आहेत की."

"ती काउंटर बघेल. रेडिओ तिच्याशिवाय कोण पास करणार?"

त्यांनी ते माझं कौतुक म्हणून म्हटलं होतं. मी आमटीचं भांडं उचलून आत गेले. पंधरा वर्षं मी रस्त्याच्या धुळीत स्टुलावर बसून ऐकत होते. मला नीट ऐकू यावं म्हणून कुणी भिंतीला गोणपाट लावायचं मनात आणलं नव्हतं. मीही आणलं नव्हतं, हे खरं. पण ते मला त्या दिवशी दिसलं नाही.

हे सगळं आता लिहिताना समोर काउंटरवर एक रेडिओ उघडा पडला आहे, आणि मी विचार करते आहे की आवाज चांगला म्हणजे काय. माझ्यासाठी बातम्या देणाऱ्याचा 'स' आणि 'श' वेगळे आले की आवाज चांगला. अण्णांसाठी खरखर नाही म्हणजे चांगला. पाटलांना शेताच्या बांधापर्यंत ऐकू गेला की चांगला. नलिनीला सगळ्यात खालची तार हवी. चौघांना एकाच यंत्रासमोर बसवा, चार निकाल मिळतील, आणि यंत्र बदला की तेही निकाल बदलतील. मग खरा कुठला, हे मला अजून सांगता येत नाही. एवढं सांगता येतं, की कोण ऐकतंय, कशावर ऐकतंय आणि बटण कुठे आहे, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय कुणाच्या निकालावर विश्वास ठेवू नये. माझ्या तर नाहीच.

एके दुपारी अण्णा मिरजेला सुटे भाग आणायला गेले होते. नलिनी झोपली होती. बाजाराची जेवणाची सुट्टी होती, रस्ता सुनसान. मी दुकानाची एक फळी लावून घेतली, मागच्या खोलीत गेले, मोठा अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला आणि आरशाशिवाय, चाचपडत, लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारी माझ्या कुड्या काढल्या. एकीचं मळसूत्र इतकं घट्ट झालं होतं की पाळीला रक्त आलं. हेडफोन घातले.

जे ऐकू आलं त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण मला जमणार नाही. एवढंच सांगते की गाणाऱ्या बाईंच्या मागे कुणीतरी बसलं होतं आणि त्याने मधेच मांडी बदलली. ते कळत होतं. खर्जाची तार माझ्या दातांत लागत होती. नलिनी जे म्हणाली होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मी रेकॉर्ड अर्ध्यावर थांबवली, कुड्या घातल्या आणि काउंटरवर येऊन बसले. कुणालाही काही सांगितलं नाही. नलिनी खरी होती याचं मला वाईट वाटलं नाही. ती पहिल्याच दिवशी, कुणी न सांगता, खरी होती, ते मला सोसवेना.

मग ते डॉक्टर आले. मिरजेतले मोठे डॉक्टर, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पत्नी आजारातून उठत होत्या, घरात जरा आवाज झाला की त्यांना त्रास व्हायचा, आणि डॉक्टरांना रोज तासभर गाणं ऐकल्याशिवाय चैन नाही. त्यांच्या पुतण्याने परदेशातून जपानी हेडफोन पाठवले होते, तेही बंद डब्यांचेच. वसंताकडे जर्मन आहेत हे अण्णांनी त्यांना सांगितलं होतं. जे चांगले ठरतील ते डॉक्टर ठेवणार होते, आणि वसंत अदलाबदल करायला तयार होता. त्यांच्यासाठी पूर्ण संच अण्णा बांधून देणार होते. मागच्या खोलीचं पहिलं काम ते.

ते आले तेव्हा अण्णा यार्डात एका व्यापाऱ्याच्या गादीवर लाऊडस्पीकर बसवत होते. निरोप धाडला असता तर अर्ध्या तासात आले असते. मी निरोप धाडला नाही.

"तुमच्या जाऊबाई म्हणे फार बारीक ऐकतात," डॉक्टर म्हणाले.

"ऐकते की. बसा. चहा सांगते."

मी दोन्ही हेडफोन काउंटरवरच्या लहान प्लेअरपाशी आणून ठेवले. नलिनी पदराला हात पुसत आतून आली. प्लेअर बघून थबकली.

"अक्का, मोठ्यावर लावूया ना?"

"तो तापायला वेळ लागतो. डॉक्टरांना दवाखाना आहे."

व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, कारण मी त्यांना ते बघायला लावलं होतं.

आधी जपानी लावले. त्यांना जोर लागत नाही, लहान प्लेअरवरही ते खणखणीत बोलतात. मी बटण त्यांच्या मापाने ठेवलं. डॉक्टर खूश झाले. मग जर्मन लावले. बटणावर माझा हात होता. तो मी हलवला नाही.

"हे लांबून आल्यासारखं वाटतंय," डॉक्टर म्हणाले. "बारीक आहे आवाज. जीव नाही."

"बघू," म्हणत नलिनी पुढे झाली. घाईत तिने कुड्याही काढल्या नाहीत. तिने जर्मन घातले, डोळे मिटले, आणि मी तिच्या कपाळावरची रेघ बघत राहिले. मग तिने जपानी घातले. मग पुन्हा जर्मन. तिचा हात बटणाकडे आला, पण तिथे माझा हात होता, आणि मोठ्या जावेचा हात बाजूला सारायची आमच्या घरात पद्धत नाही.

"हे जपानीच चांगले वाटतायत," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी खाली. "मागे मला... त्या दिवशी मला वेगळं वाटलं होतं. माझं काहीतरी चुकलं असेल."

"होतं असं," मी म्हणाले. "गाण्याच्या माणसांना आधीच ठरवून ऐकायची सवय असते."

डॉक्टर हसले. नलिनीही हसली, आणि त्या हसण्यात मी जिंकले.

अण्णांना मी रात्रीच्या जेवणाला सांगितलं की डॉक्टरांनी आपले जपानीच ठेवले, नलिनीनेही तेच पसंत केले. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, भावजी. माझा कान मला वाटतो तेवढा नाही." त्यांनी पुढे विचारलं नाही. मागची खोली पुढे तशीच राहिली, त्यात आता रिकामी खोकी आहेत. अक्षय्य तृतीयेच्या आधी वसंताला साताऱ्यात जागा मिळाली आणि ती गेली. आठवड्याचे चार दिवस वगैरे कुणी बोललं नाही. ट्रंकेत वर साड्या, खाली ते जर्मन हेडफोन. मी स्टँडवर पोचवायला गेले, तिच्या ओटीत नारळ घातला. तानपुरा तिने खिडकीशी धरून नेला.

मला वाटलं होतं, ती गेली की हेवा जाईल. तसं होत नाही. तो माणूस नसलं तरी राहतो, नुसता बसायला जागा बदलतो. संध्याकाळी अण्णा शिट्टी वाजवत काम करायला लागले की मला वाटायचं, तिला ही शिट्टी किती बेसूर लागली असती, आणि मला ती बरी वाटते आहे.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही साताऱ्याला गेलो. नलिनीची जागा किल्ल्याच्या पायथ्याशी, दोन खोल्या, पुढे तगरीचं झाड. तिच्याकडे आता शिकवण्या आहेत. पाच-सहा बायका येतात, संसार सांभाळून शिकणाऱ्या. मी भिंतीला टेकून निवडायला तांदूळ घेऊन बसले होते. तिने तानपुरा लावला. मी डोळे न उचलता ऐकत होते. पंचम आला, जोड आला, खर्ज बसला. तो बसला हे मलाही कळलं.

आणि मग तिने समोरच्या बाईंना विचारलं, "बरोबर लागलाय ना?"

त्या बाई पोस्टात आहेत. शिकायला लागून त्यांना चार महिने झाले होते. त्यांनी मान हलवली तेव्हा नलिनी पुढे गेली. त्या दिवशी तिने हे तीन बायकांना तीनदा विचारलं. मी वसंताला म्हटलं, ही असं का विचारते.

"सवय आहे तिची," तो म्हणाला. "सांगलीहून आल्यापासून."

मी तांदळातले खडे काढत राहिले.

त्यावर मी काही महिने काहीच केलं नाही, हेही लिहून ठेवते. हंगाम आला, मोरीत पिवळं पाणी वाहिलं, तेव्हा एका मंगळवारी उठले आणि अण्णांना म्हटलं, तुमचा तो व्हॉल्व्हवाला हल्ली लग्नांना कुणी नेत नाही, मी साताऱ्याला नेते. ते म्हणाले, उचलणार कोण. मी उचलला. एसटीत तो मांडीवर घेऊन बसले.

"बाई, ह्यात काय हाय?" कंडक्टर म्हणाला. "लय जड दिसतंय."

"अ‍ॅम्प्लिफायर."

"फुटंल का?"

"तुम्ही आपटलात तर."

त्याने मला पुढची, धक्के कमी बसणारी जागा दिली. कऱ्हाडपर्यंत माझे पाय सुन्न झाले होते.

नलिनीने दार उघडलं, आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या ओझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, ते जर्मन आहेत का अजून. होते, ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. गादीचं चामडं थोडं चिकट झालं होतं. त्यांच्या घरच्या रेकॉर्ड प्लेअरला मी जोडणी केली, बटण दाबलं आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंतच्या त्या मिनिटात सांगून टाकलं. अण्णांना निरोप धाडला नाही ते, घड्याळाचं, बटणाचं. माझ्या त्या दुपारचंही.

तिने रडारड केली नाही, मला त्याचीच भीती होती. ती बराच वेळ त्या तांबड्या होत जाणाऱ्या व्हॉल्व्हकडे बघत होती.

"बटण कुठे होतं?" तिने विचारलं.

"जपान्यांना पुरेल एवढं."

"आणि मी ऐकलं तेव्हा?"

"तेव्हाही तिथेच."

तिने कुड्या काढल्या. या वेळी बशी नव्हती, माझ्या हातात दिल्या. हेडफोन घातले, रेकॉर्डची एक अख्खी बाजू ऐकली, बटण स्वतः फिरवत, मागे, पुढे, पुन्हा मागे. मी समोर बसले होते, हातात तिच्या कुड्या, आणि मला नेहमीप्रमाणे काहीही ऐकू येत नव्हतं.

सुई आतल्या रेघेवर जाऊन फिरायला लागली तेव्हा तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"खरं सांगू, अक्का? मला हा फारसा नाही आवडला."

"काय?"

"सगळं ऐकू येतं, त्यात खोट नाही. पण फार जवळ येतं. अंगावर आल्यासारखं. मला आता थोडं लांबून बरं वाटतं." तिने पट्टीवरून बोट फिरवलं. "तेव्हा आवडला होता. आता नाही."

मी पाच वर्षं ज्याचा हेवा केला, जो आवाज तिच्यापासून चोरला म्हणून ओझं उचलून आले, तो तिला नको होता. आणि इतक्या साध्या आवाजात तिने ते सांगितलं, की मला तिथेच, त्या जमिनीवर बसल्या बसल्या, पुन्हा हेवा वाटला. जर्मन माल, फार नावाजलेला, आणि ही म्हणते नाही आवडला. मला हे कधी जमलं नसतं. मी आधी इतरांची तोंडं बघितली असती.

"म्हणजे डॉक्टरांनी ठेवले तेच तुला—"

"आवडलेही असते. कुणी सांगावं." ती माझ्याकडे बघत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "पण ते माझं मला कळायला हवं होतं, अक्का."

मी कुड्या तिच्या हातात ठेवल्या. तिने त्या आरशाशिवाय घातल्या.

चार वाजता पोस्टातल्या बाई आल्या. चपला काढताना त्यांनी देव्हाऱ्याएवढ्या त्या यंत्राकडे कुतूहलाने पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, नलिनी म्हणाली, सांगलीहून आलंय. मग तिने तानपुरा घेतला. मी उठून आत जाणार होते, पण गेले नाही, दारातच उभी राहिले. तिने जोडाच्या तारा लावल्या, पंचम थोडा खाली होता तो चढवला, दोरा हलवला, खर्ज छेडला. कान खुंट्यांकडे झुकवून ती बराच वेळ तशीच बसली. मग मान वर करून, सवयीने, तिने विचारलं,

"बरोबर लागलाय ना?"

तार अजून वाजत होती. पोस्टातल्या बाई ती थांबायच्या आधीच म्हणाल्या, "हो बाई, छान लागलाय."